बातमीचा वजनकाटा

बिद्रीच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागते. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचे नाव धारण करणाऱ्या या सहकारी कारखान्यात दिवस कितीही घाईचा असो, एकही वाहन वजनकाट्यावर थांबल्याशिवाय गव्हाणीकडे जात नाही. आधी भरल्या वाहनाचे वजन, मग रिकाम्या वाहनाचे. शेतकरी त्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. 'काटामारी' या शब्दाचा अर्थ ऊसपट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

परंतु हाच सावध माणूस रांगेत ताटकळत असताना खिशातील मोबाइल काढतो, त्यावर आलेली एखादी चित्रफीत पाहतो, संतापतो आणि क्षणात ती आणखी दहा जणांना धाडून देतो. उसाच्या मोळीला काटा आहे, बातमीला नाही. उसात फसगत झाली तर काही क्विंटलांचे नुकसान होते. बातमीत फसगत झाली तर शेजाऱ्याचे घर जळते, निष्पापाचा जीव जातो आणि फसलेल्याच्या कर्मपत्रात त्याची नोंद होते. माणसांची मते, भीती आणि द्वेष ठरवून घडविण्याचा उद्योग आज जगभर चालू आहे. त्याला मानसशास्त्रीय कारवाई किंवा मनोयुद्ध म्हणतात. या उद्योगाकडे ईमानधारकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या दारातील अनुभव

६ जून २०२३ रोजी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकदिनी, कोल्हापुरातील काही तरुणांनी मोबाइलच्या स्टेटसवर औरंगजेब व टिपू सुलतान यांच्याविषयीचा आक्षेपार्ह मजकूर ठेवल्याचे प्रकरण पेटले. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. दुसऱ्या दिवशी बंदची हाक दिली गेली, जमाव रस्त्यावर उतरला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या शहरात मुस्लिम बोर्डिंगच्या कार्याची पायाभरणी केली, त्याच शहरात शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. हे कोणी घडवून आणले की आपोआप घडले, हे ठरविणे तपास यंत्रणेचे काम आहे. मला सांगायचे आहे ते माझ्यापुरते.

इंटरनेट पूर्ववत झाल्यावर माझ्या मोबाइलवर एका जळालेल्या दुकानाचे छायाचित्र आले. सोबत लिहिले होते की, हे कोल्हापुरातील आपल्या एका बांधवाचे दुकान आहे. मन कळवळले. मी ते लगेच कागल आणि निपाणीच्या नातलगांना पाठविले. निपाणीच्या खालाने ते पाहून मुलाला दोन दिवस दुकान उघडू दिले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याच मुलाने ते छायाचित्र मोठे करून दाखविले. दुकानाच्या पाटीवरील लिपी देवनागरी नव्हती! छायाचित्र भलत्याच प्रांतातील होते.

चूक लक्षात आल्याबरोबर मी सर्वांना तसे कळवायला हवे होते. मी कळविले नाही. आणखी दोन दिवस गप्प राहिलो. मनात विचार असा आला की, छायाचित्र खोटे असले तरी आपल्यावर अन्याय झाला हे तर खरे आहे, मग या खोट्याने बिघडले काय? आज मला वाटते की, खोटी बातमी पुढे पाठविण्यापेक्षा हा विचार अधिक गंभीर होता. पाठविले तेव्हा मी फसलेला होतो. गप्प बसलो तेव्हा मी फसविणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा होतो.

मनोयुद्धाचे स्वरूप

मनोयुद्ध हा मूळचा लष्करी शब्द आहे. शत्रूच्या सैन्याचे धैर्य खचविणे, त्याच्या जनतेत फूट पाडणे, आपल्या बाजूचे मत तयार करणे, ही त्याची उद्दिष्टे. यातील प्रचाराचे जाणकारांनी तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याचा कर्ता आपले नाव उघड ठेवतो तो पांढरा प्रचार, ज्याचा कर्ता लपलेला असतो तो करडा, आणि जो दुसऱ्याच्याच तोंडी घातला जातो तो काळा. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी सैनिकांवर विमानांतून कोट्यवधी पत्रके टाकण्यात आली. त्यांवर टाकणाऱ्याची ओळख लपलेली नव्हती. त्याआधी १९५३ साली इराणमध्ये मुसद्दिक यांचे निर्वाचित सरकार उलथविण्यासाठी अमेरिकी व ब्रिटिश गुप्तहेर यंत्रणांनी जे केले त्यात मात्र भाडोत्री जमाव, विकत घेतलेले लेख आणि दुसऱ्यांच्या नावाने केलेली चिथावणी यांचा वापर झाला.

ऑक्टोबर १९९० मधील एक प्रसंग विशेष विचार करण्याजोगा आहे. इराकने कुवेत बळकावले होते. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांच्या मानवाधिकार मंचापुढे १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत साक्ष दिली की, इराकी सैनिकांनी रुग्णालयातील नवजात बालकांना उबदार पेट्यांतून काढून मरण्यासाठी जमिनीवर टाकले. साऱ्या जगाचे काळीज हलले. पुढे उघड झाले की, ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूताची कन्या होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीने घडवून आणली होती. त्या कथेला आधार सापडला नाही. कुवेतवरील आक्रमण खरे होते आणि तेथील लोकांचे हालही खरे होते. त्या खऱ्या दुःखाला एका खोट्या कथेची जोड दिली गेली आणि कथा कोसळली तेव्हा खऱ्या दुःखावरही संशयाची सावली पडली.

मग मत वळविण्याचा प्रत्येक प्रयत्न निषिद्ध मानायचा काय? तसे नाही. दावत म्हणजेही लोकांना एका विचाराकडे बोलावणेच होय. सूरह अन्-नहल (१६:१२५) मध्ये अल्लाहने आपल्या मार्गाकडे विवेकाने, उत्तम उपदेशाने बोलावण्याचा आणि चर्चा करायची तर ती सर्वांत चांगल्या रीतीने करण्याचा आदेश दिला आहे. दावत आणि मनोयुद्ध यांतील भेद ओळखण्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. समोरच्याला सांगून पाहावे की, 'मी कोण आहे, तुला काय पटवीत आहे आणि त्यासाठी कोणते साधन वापरीत आहे, ते हे असे.' इतके सांगूनही ज्या बोलण्याचा प्रभाव टिकतो, ते बोलणे समोरच्याच्या बुद्धीला माणूस म्हणून मान देते. हे सांगताच ज्याचा प्रभाव विरून जातो, ते कपट होय.

दिव्य कुरआनने या कपटाचे वर्णन फिरऔनच्या संदर्भात केले आहे. त्याने आपल्या लोकांना हलके केले, त्यांची अक्कल क्षुल्लक लेखली आणि त्यांनी त्याची आज्ञा मानली, असा सूरह अज्-जुख्रुफ (४३:५४) मधील आशय आहे. त्याच आयतीत त्या लोकांनाही अवज्ञाकारी ठरविले आहे, ही बाब सहसा आपल्या ध्यानात येत नाही. फसविणारा दोषी आहेच, पण बुद्धीची अमानत ज्याने स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिली तोही निर्दोष सुटत नाही.

मदीनेतील एक महिना

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील मदीना या उद्योगापासून मुक्त नव्हती. नगरात घबराटीच्या वार्ता पसरविणाऱ्यांचा सूरह अल्-अहजाब (३३:६०) मध्ये स्वतंत्र उल्लेख आहे. उहुदच्या रणात प्रेषित (स.) मारले गेल्याची आवई उठली आणि भल्याभल्यांचे हातपाय गळाले. परंतु सर्वांत वेदनादायक प्रसंग 'इफ्क'चा होता.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना गळ्यातील हार शोधण्यात ह. आयशा (र.) मागे राहिल्या आणि मागून येणारे ह. सफवान (र.) यांनी त्यांना काफिल्यापर्यंत पोहोचविले. एवढ्या घटनेवरून दांभिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई याने एक आळ रचला. त्याने पुढे फारसे काही केले नाही. पुढचे काम इतरांच्या जिभांनी केले. ह. मिस्तह (र.) आणि ह. हस्सान (र.) यांच्यासारखे निष्ठावान लोकही त्यात ओढले गेले. सुमारे महिनाभर एका निष्कलंक स्त्रीचे डोळे कोरडे झाले नाहीत. प्रेषितांच्या (स.) घरावर दुःखाची छाया पसरली. अखेर सूरह अन्-नूरच्या आयती अवतरल्या.

त्या आयतींतील तीन मुद्दे आजच्या मनोयुद्धाला तंतोतंत लागू पडतात. पहिला असा की, बातमी कानावर येताच ईमानधारकांनी आपल्याच माणसांविषयी चांगला विचार का केला नाही, असा जाब अल्लाहने विचारला (२४:१२). दुसरा असा की, लोकांनी ती बातमी जिभेवर घेतली आणि ज्याचे ज्ञान नाही ते तोंडाने बोलू लागले. त्यांना ते किरकोळ वाटत होते, पण अल्लाहच्या दृष्टीने ते भयंकर होते (२४:१५). बातमी कानाने ऐकून बुद्धीने तोलायची असते. ती थेट जिभेवर घेतली जाते तेव्हा मध्ये काटाच उरत नाही. तिसरा असा की, प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे पाप मिळेल, पण ज्याने त्यात सर्वांत मोठा भाग उचलला त्याची शिक्षा मोठी आहे (२४:११). सूत्रधार आणि वाहक यांच्यात ईश्वरी न्यायाने फरक केला आहे.

या फरकाला पुढे एक हृदयस्पर्शी जोड मिळाली. मिस्तह (र.) हे ह. अबू बक्र (र.) यांचे गरीब आप्त. त्यांचा खर्च अबू बक्र (र.) चालवीत असत. आपल्या लेकीवरील आळ ज्याच्या जिभेवरून फिरला त्याला यापुढे काही देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्यावर सूरह अन्-नूरची २२वी आयत आली. अल्लाहने आपल्याला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय, असा प्रश्न तीत होता. अबू बक्र (र.) यांनी मदत पुन्हा सुरू केली. खोट्या प्रचाराला बळी पडलेल्या माणसाशी नाते तोडले की प्रचार करणाऱ्याचा हेतू सफल होतो. नाते जोडले की तो हरतो.

युद्धातील डावपेचांचा प्रश्न

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. युद्ध म्हणजे डावपेच, अशा अर्थाची हदीस आहे. हिजरी ५ मध्ये खंदकच्या युद्धात सुमारे १०,००० शत्रूंनी मदीनेला वेढले असताना ह. नुऐम बिन मसऊद (र.) यांनी कुरैश, गतफान आणि बनू कुरैजा यांच्या मनात परस्परांविषयी संशय पेरला आणि आघाडी फोडली. हे मनोयुद्धच होते. मग आज आमच्याविरुद्ध असत्याची फौज उभी असताना आम्ही तेच शस्त्र का उचलू नये?

या आक्षेपाचे उत्तर टाळता येणार नाही. नुऐम (र.) यांनी जे केले ते घोषित युद्धात, नगराच्या अस्तित्वावर बेतले असताना, सशस्त्र शत्रूंविरुद्ध आणि जबाबदार नेतृत्वाच्या परवानगीने केले. त्यात निरपराधावर आळ नव्हता. मराठी माणसाला गनिमी कावा म्हणजे काय हे सांगायला नको. रणांगणावरील कावा आणि शेजाऱ्याचा विश्वासघात यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इमाम नववी यांनी युद्धातील डावपेचांची परवानगी नोंदविताना तिची मर्यादाही नोंदविली आहे, ती अशी की, त्यात करार किंवा दिलेले अभय मोडता कामा नये.

ही मर्यादा प्रेषितांनी (स.) स्वतः पाळून दाखविली. बद्रच्या वेळी ह. हुजैफा (र.) आणि त्यांच्या पित्याला कुरैशांनी वाटेत अडविले आणि लढणार नाही असे वचन घेऊन सोडले. मुस्लिमांची संख्या जेमतेम ३०० च्या वर होती, एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषितांनी (स.) त्या दोघांना शत्रूला दिलेले वचन पाळण्यास सांगितले आणि लढाईपासून दूर ठेवले. हुदैबियाच्या कराराच्या वेळी बेड्यांसह आलेल्या ह. अबू जंदल (र.) यांना परत करताना साऱ्यांची मने फाटली, पण शब्द फिरला नाही.

आता आपण स्वतःला विचारावे की, आपले आणि आपल्या देशबांधवांचे नाते कोणते? आपण एकाच राज्यघटनेने बांधलेले नागरिक आहोत. एकाच पाणंदीने शेतावर जातो, एकाच कारखान्याला ऊस घालतो, एकमेकांच्या मयतीला खांदा देतो. हे कराराचे आणि शेजाराचे नाते आहे आणि करार पाळण्याची आज्ञा कुरआनने वारंवार दिली आहे. म्हणून नुऐम (र.) यांचा दाखला देऊन सहनागरिकांविरुद्ध असत्य पसरविणे म्हणजे युद्धाचा अपवाद शांततेच्या घरात आणून ठेवणे होय.

सोयीचे असत्य नाकारणे

हिजरी १० मध्ये प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम (र.) वारले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, प्रेषितांच्या (स.) पुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. ही वार्ता कोणी पेरलेली नव्हती. प्रेमापोटी ती आपोआप उगवली होती. आजचा कोणताही प्रचारतज्ज्ञ अशा वेळी एवढाच सल्ला देईल की, काही बोलू नका, लोकांना तसेच समजू द्या. परंतु शोकाकुल पित्याने उभे राहून स्पष्ट केले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. सत्य धर्माची प्रतिष्ठा वाढविणारा गैरसमजही त्यांनी क्षणभर टिकू दिला नाही.

मनोयुद्धाविषयी इस्लामची भूमिका या एका प्रसंगात सामावलेली आहे, असे मला वाटते. आपल्याविरुद्धचे असत्य नाकारणे सोपे आहे, ते शत्रूही करतो. ईमानाची परीक्षा आपल्या बाजूच्या असत्याजवळ होते.

सूरह अल्-मुतफ्फिफीन (८३:१-३) मध्ये त्या लोकांचा धिक्कार आहे, जे लोकांकडून घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना मापात मारतात. आपण ही आयत बाजारपेठेपुरती समजतो. पण आपल्याविरुद्धची बातमी आली की आपण पुरावा मागतो, तारीख तपासतो, मूळ चित्रफीत शोधतो. आपल्या बाजूची बातमी आली की डोळे मिटून स्वीकारतो. घेण्याचा काटा वेगळा आणि देण्याचा वेगळा. ही सत्याची काटामारी नव्हे तर दुसरे काय?

हा काटा सर्वांसाठी एकच असला पाहिजे. मार्च २०२० नंतर तबलीगी जमातीच्या नावाने देशभर जो गदारोळ उठला, त्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला. माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि परदेशी पाहुण्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे निरीक्षण नोंदवून न्यायालयाने गुन्हे रद्द केले. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरमध्ये, समाजमाध्यमावरील विटंबनेच्या चित्रांवरून भडकलेल्या जमावाने सोलापूरहून आलेल्या एका संगणक अभियंत्याला ठार केले. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. हे आपल्याला ठाऊक असते, कारण ती आपली माणसे होती. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून ठार केलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आणि १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेनेच बळी घेतलेले दोन साधू व त्यांचा चालक, हेही त्याच अग्नीत जळाले. गडचिंचलेच्या घटनेला पुढे जातीय रंग देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा अटक केलेल्यांत एकही मुस्लिम नसल्याचे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. आपल्या मृतांसाठी जितके अश्रू, तितकेच त्यांच्यासाठीही आले पाहिजेत. एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये, हा सूरह अल्-माइदा (५:८) मधील आदेश यापेक्षा वेगळे काय सांगतो?

आपण काय करावे?

सूरह अल्-हुजुरात (४९:६) मधील आज्ञा सर्वश्रुत आहे. अविश्वसनीय माणूस बातमी घेऊन आला तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. आज बातमी आणणारा कोण, हेच कळत नाही. म्हणून शहानिशेची गरज अनेक पटींनी वाढली आहे. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्यात 'पण मी फक्त पुढे पाठविले' या सबबीला जागा नाही.

भीती किंवा सुरक्षिततेची वार्ता आली तर ती पसरविण्याऐवजी जाणत्या व जबाबदार लोकांपर्यंत न्यावी, अशी शिकवण सूरह अन्-निसा (४:८३) देते. गावागावांत असे दोन-चार जाणते लोक असावेत, त्यांत सर्व समाजांचे असावेत आणि त्यांचा परस्परांशी संपर्क संकटाआधीच असावा. आपल्या मुलांना सूरह अल्-अन्आम (६:१०८) मधील ती आज्ञाही समजावून द्यावी, जी इतरांच्या श्रद्धास्थानांना शिव्या देण्यास मनाई करते. दुसऱ्याचे मन दुखविणारे स्टेटस ठेवण्यात इस्लामची कसलीच सेवा नाही. स्टेटसला दगडाने उत्तर देणे हा न्याय नाही, हे आपण निर्धाराने म्हणावे. तसे म्हणण्याचे बळ आधी आपली मुले सावरल्याने येते.

आणि चूक झालीच, तर ती जेथे झाली तेथेच दुरुस्त करावी. सत्य लपविणाऱ्यांपैकी ज्यांनी पश्चात्ताप केला, सुधारणा केली आणि जे लपविले ते उघड सांगितले, त्यांचीच तौबा स्वीकारण्याचे आश्वासन सूरह अल्-बकरा (२:१६०) मध्ये आहे. मनातल्या मनात तौबा करून खोटे छायाचित्र तसेच फिरू देणे पुरेसे नाही. मी अखेर पाचव्या दिवशी निपाणीला आणि कागलला फोन करून सांगितले की, ते चित्र खोटे होते आणि ते कळूनही मी दोन दिवस गप्प होतो. खाला क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली की, दुकान दोन दिवस बंद राहिल्याचे नुकसान भरून निघेल, पण समोरच्या वाण्याच्या नजरेला नजर देताना तिच्या मनात जे आले ते कसे भरून निघणार?

तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांविषयी जाब विचारला जाईल, अशी ताकीद सूरह बनी इस्राईल (१७:३६) मध्ये आहे. त्या दिवशी आपल्यासमोर जो काटा लावला जाईल, त्यात कोणाला मारता येणार नाही.

अल्लाह आम्हाला सत्य सत्य म्हणून ओळखण्याची व त्याच्या बाजूने उभे राहण्याची, आणि असत्य आमच्या सोयीचे असले तरी ते नाकारण्याची शक्ती देवो. आमीन.